शिट्टीसाठी राखलेला अंधार

मार्च लागला की आमच्या नंदुरबारला ठसका लागतो. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, ऊन तापतं, वारा फिरतो आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्यापासून आमच्या प्राचार्यांपर्यंत सगळे एका सुरात खोकतात. बाहेरगावचा पाहुणा डोळे पुसत विचारतो, तुम्ही लोक इथे राहता तरी कसे? आम्ही म्हणतो, सवय आहे. यंदा मात्र डोळ्यांत पाणी आलं की मी घाईघाईने मिरचीचं नाव सांगतो. मिरची बिचारी काही बोलत नाही.

घरात परीक्षेचं वारं आहे. आमच्याकडे दहावीला कुणी नाही, पण मंगल, माझी बायको, माध्यमिक शाळेत शिकवते आणि या दिवसांत तिला सुपरव्हिजन असतं. सकाळी डबा भरता भरता ती मला तिच्या अहिराणीत त्या दिवसाचा पेपर सांगते. ‘आज गणित शे. पोरे घाबरी जायेल शेतस,’ म्हणते आणि स्कूटर काढते. मग मी रिकाम्या घरात चहाचा कप धरून बसतो आणि सातपुड्यातल्या एका पाड्यावरची सविता आत्ता कुठल्या बाकावर बसली असेल, याचा विचार करतो.

सविता यंदा दहावीला दुसऱ्यांदा बसली आहे. मागच्या मार्चमध्ये ती गणितात राहिली. ती राहिली त्यात माझा हात आहे. असं मला कुणीही म्हणालेलं नाही. कुणीतरी म्हणालं असतं तर मी भांडलो तरी असतो, बाजू मांडली असती. आरोपच नाही म्हटल्यावर माणसाने स्वतःचा बचाव करायचा कुणापुढे?

त्या मार्चमध्ये मी आकाश ऐकत होतो. हे वाक्य मी पूर्वी मोठ्या ऐटीत बोलायचो. स्टाफरूममध्ये नवा माणूस आला की दोन मिनिटांत मी त्याला हे ऐकवायचोच. आता बोलताना जीभ अडखळते, तरी सांगतो. वीज कोसळते तेव्हा लख्ख होतं, गडगडतं, आणि तिसरीही एक गोष्ट होते. रेडिओच्या लाटा सुटतात. त्यातल्या काही वर निसटतात. वर हवा संपते आणि मग नुसती पोकळी, असं आपण धरून चालतो. पण तिथे प्लाझ्मा असतो. अणूंपासून सुटलेले इलेक्ट्रॉन, अर्धेमुर्धे उरलेले अणू, असा सगळा विद्युतभारित कणांचा विरळ मेळा, पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून घिरट्या घालणारा. विषुववृत्ताच्या खाली हिंदी महासागरावर पडलेल्या विजेची लाट अशा एखाद्या रेषेला धरून वर चढते, विषुववृत्त ओलांडते आणि आपल्या बाजूला उतरते. वाटेत हा प्लाझ्मा तिच्यातल्या उंच सुरांना लवकर सोडतो आणि खालच्या सुरांना रखडवतो. म्हणून तिकडे टिचकीसारखी निघालेली गोष्ट इकडे पोचते तेव्हा उंचावरून खाली घसरत आलेली शिट्टी झालेली असते. तार, थोडी विजेची जुळणी आणि कानाला लावायचे हेडफोन एवढ्यावर ती ऐकू येते. आमच्या भागात ती अगदी छोटी असते. ऐकली म्हणेस्तोवर संपते.

अडचण अशी की ती नंदुरबारात ऐकू येत नाही. शहरात तारांचं जाळं, आणि त्या तारांचा एक अखंड घुमणारा हुंकार. त्यात ही शिट्टी म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये कुणी कानात गोष्ट सांगावी. विजेच्या मोठ्या लाइनी जिथून लांब आहेत अशी जागा पाहिजे होती. ती शोधत मी अक्कलकुव्याच्या वर, घाट चढून, डोंगरातल्या त्या पाड्यावर गेलो होतो. एका संस्थेकडून यंत्र मिळालं होतं. अँटेनाचं वेटोळं अक्कलकुव्यात मोटारी वाइंड करणाऱ्या सलीमभाईंनी बांधून दिलं. तांब्याची तार माणसाएवढ्या चौकटीवर गुंडाळताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, ‘सर, बुरा मत मानना, लेकिन इसमें से हवा किधर से आयेगी?’ हा पंखा नाही म्हटल्यावर ते निराश झाले, पण वेटोळं मात्र चोख बांधलं.

ते उभं राहिलं दामजीच्या अंगणात. दामजी सविताचा बाप. पाड्याच्या टोकाला त्याचं घर, कुडाचं, वर कौलं. माझ्याहून चारदोन वर्षांनी लहान असेल. डोंगरात मोठ्यालाही ‘तू’च म्हणतात, आदराचं अनेकवचन त्यांच्या बोलीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची उणीव भासत नाही. ‘सर, तू बस. चा पी. मग मशीन लाव,’ असा तो मला हुकूम सोडायचा. बांबूची चौकट त्यानेच उभी केली, वाऱ्याने हलू नये म्हणून तिला चारी बाजूंनी ताणही त्यानेच दिले. बुटीभर मोहाची फुलं अंगणात वाळत असायची, त्यांचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास, आणि त्यात उभं असलेलं माझं तांब्याचं वेटोळं. कोंबड्या त्याच्याखाली दाणे टिपायच्या.

पाड्यावर वीज पोचली नव्हती. घरोघर छपरावर सौर पाटी, आत बॅटरीची एक पेटी आणि तिला जोडलेला एक बल्ब. पहिल्या संध्याकाळी मी हेडफोन लावून बसलो आणि आतला बल्ब लागला, तसं कानात करकर सुरू झालं. त्या पेटीतल्या जुळणीचा आवाज. मी दामजीला म्हटलं, मी ऐकत बसेन तेवढा वेळ हा दिवा बंद ठेवता येईल का? तो लगेच उठला, आत गेला, आणि करकर थांबली. एवढंच मी मागितलं होतं. एका घराचा एक दिवा, मी असेन तेवढा वेळ. मी जायचो शनिवारी आणि रविवारी.

आठवड्याच्या बाकी दिवसांत यंत्र एकटंच असायचं. त्याचा एक लाल दिवा सारखा लुकलुकत असायचा, चालू आहे एवढं कळावं म्हणून. प्रत्यक्षात ते तासाच्या सुरुवातीला थोडा वेळ आवाज टिपायचं आणि उरलेला वेळ स्वस्थ बसायचं. आमच्या कामाची ती रीतच आहे. सारखं टिपत बसलं तर साठवायला जागा पुरत नाही, आणि एवढ्या नमुन्यावर काम भागतं. ही गोष्ट आमच्या धंद्यात इतकी रोजची आहे की ती कुणाला सांगावी असं डोक्यातही येत नाही. आपण पंखा फिरतो हे पाहुण्याला सांगतो का?

त्या संध्याकाळी मी सुखी होतो. हे लिहिताना वाईट वाटतं, पण तेच खरं आहे. सूर्य त्या वर्षी खवळलेला होता, वर प्लाझ्मात उलथापालथ चालू होती, आणि कानात शिट्ट्यांवर शिट्ट्या येत होत्या. समोर डोंगरांची रांग काळी होत जायची. चुलीचा धूर कौलांतून वर यायचा. पाड्यावर कुठे उजेडाचा ठिपका नाही. मी कित्येकदा मनाशी म्हटलं, काय ही जागा, किती निवांत, किती काळोख! शहरात आपण काय घालवून बसलो आहोत याबद्दल मी मनातल्या मनात लांबलचक भाषणही केलं.

आणि त्या काळोखात घरातून सविताचा आवाज यायचा. ती पाठांतर करायची. ब्राझीलच्या नद्या, भारताच्या नद्या, ब्राझीलचं हवामान, भारताचं हवामान. मग विज्ञानातल्या व्याख्या. एका लयीत, न थांबता, मध्ये आईने काही विचारलं तर हुंकार भरून पुन्हा तिथूनच पुढे. मी हेडफोन एका कानावरून सरकवून ते ऐकायचो. एका कानात हिंदी महासागरावरून आलेली शिट्टी, दुसऱ्या कानात सातपुड्यात बसून म्हटलेली ॲमेझॉन. मला ते फार सुंदर वाटलं होतं. पोरगी अंधारात का म्हणते आहे, पुस्तक का उघडत नाही, हा प्रश्न मला पडला नाही. विचारा मला, मी फिजिक्सचा प्राध्यापक आहे.

एकदा तिला बोलावून हेडफोन दिला. ती शाळेत जाणारी, त्यामुळे मला ‘तुम्ही’ म्हणायची. थोडा वेळ काहीच आलं नाही, नुसती बारीक तडतड. मग एक शिट्टी आली असावी, कारण तिने एकदम मान वर करून आकाशाकडे बघितलं.

‘सर, हे कोण वाजवतं?’

मी सांगितलं. वीज, रेषा, प्लाझ्मा. मी रंगात आलो होतो, बराच वेळ बोलत होतो. ती ऐकत राहिली.

‘म्हणजे तिकडे वीज पडली, तिचं इकडे ऐकू येतं,’ ती म्हणाली. ‘आणि तिकडच्यांना आपलं?’

आपल्याकडे पडलेल्या विजेची शिट्टी तिकडे ऐकू जाते, असं मी म्हटलं. ऐकणारं कुणी असेल तर. तिकडे तर सगळा समुद्रच आहे, यावर आम्ही दोघंही हसलो. मग ती म्हणाली, ‘मला नर्सिंगला जायचंय, सर. अकरावीला सायन्स घेते. त्यात हे असतं का?’ मी म्हटलं, हे नसतं, पण सायन्स घे, चांगलं आहे. ‘दहावीचं कसं चाललंय?’ असंही विचारलं, आपण विचारतो तसं, उत्तराची वाट न बघता. ती म्हणाली, चाललंय.

निकाल लागला तेव्हा मी एका परिसंवादात होतो. त्या हंगामाचे माझे आलेख पडद्यावर लागले होते. अशा आलेखात प्रत्येक शिट्टी एका वाकड्या, खाली उतरणाऱ्या रेघेसारखी दिसते आणि जिथे काहीच आवाज नसतो ती जागा काळी. लोकांनी माझ्या शिट्ट्यांचं कौतुक केलं, पण त्याहून जास्त त्या काळ्या जागेचं. इतकी शांत जागा मिळाली कुठे तुम्हाला, असं दोघातिघांनी विचारलं. मी सातपुड्याचं नाव सांगितलं आणि छाती फुगवली. शनिवार-रविवारच नाही, सगळ्या आठवड्याच्या संध्याकाळी तशाच स्वच्छ होत्या. ती करकर एकाही दिवशी नव्हती. मला तिथेच शंका यायला हवी होती. आवाज आला की कान टवकारायचे, हे आमचं शिक्षण. आवाज यायला हवा होता आणि आला नाही, तर का आला नाही, हे विचारायला मी विसरलो.

पावसाआधी वेटोळं उतरवायला वर गेलो. दामजीने ताण सोडले, चौकट आडवी केली, चहा दिला. मी सहज विचारलं, सविताचा निकाल काय लागला? तो म्हणाला, ‘गणितात राहिली.’ त्याच्या आवाजात फार दुःख नव्हतं. पोरी राहतात गणितात, असं काहीसं. मग विषय बदलावा तसा तो उजळला आणि म्हणाला, ‘पण सर, तुझं काम झालं ना? आम्ही लावला नाही दिवा. एक दिवस पण नाही. तू नव्हता तेव्हा पण नाही. पूर्ण पाड्याने नाही लावला.’

मी विचारलं, पूर्ण पाड्याने?

‘मग!’ तो म्हणाला. ‘तुझं मशीन चालू होतं ना. लाल दिवा चमकत होता.’

हे तो अभिमानाने सांगत होता. घरी आलेल्या पाहुण्याचं एक काम सगळ्या पाड्याने मिळून तडीस नेलं, आणि कुणी त्याची वाच्यताही केली नाही, असा तो अभिमान होता. रॉकेल तर रेशनवर मिळायचं केव्हाच बंद झालं, त्यामुळे चिमणीही नाही. सूर्य बुडाला की चुलीचा जाळ, आणि तो विझला की काही नाही. त्या अंधारात पोरगी जे म्हणता येईल ते म्हणत राहिली आणि जे म्हणता येतं ते सगळे विषय पास झाली. ब्राझील तोंडपाठ होतो. वर्तुळ तोंडपाठ होत नाही, ते काढावं लागतं, स्पर्शिका कंपासने आखावी लागते. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. मला त्याला सांगायचं होतं, अरे, ते यंत्र बहुतेक वेळ ऐकतच नव्हतं. त्याऐवजी मी उठलो. मी चौकट गाडीला बांधली आणि घाट उतरलो. त्या उतारावर मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

वर्गात मी प्लाझ्मातली अस्थिरता शिकवतो. मुलांना हा भाग जड जातो, म्हणून मी तो हळूहळू सांगतो. प्लाझ्मात बारीकसारीक लाटा सारख्या उठत असतात. बहुतेक आपोआप विरून जातात. पण कधी कणांची मांडणी अशी असते की त्यांच्यापाशी देण्याजोगं काही जास्तीचं साठलेलं असतं. मग एखादी क्षुल्लक लाट विरत नाही, वाढू लागते. ती मोठी होते ती स्वतःच्या बळावर नव्हे. ती कणांकडून घेते, आणि तेही सगळ्या कणांकडून नाही. जे कण तिच्या लयीत चालत असतात, तिच्याशी जुळवून घेतात, त्यांच्याकडूनच ती घेते. बेसूर कण सुटतात. हे समीकरण मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. जुलैत नव्या वर्गापुढे ते लिहिताना मी मध्येच थांबलो. पोरांना वाटलं, सर पायरी विसरले. मी एका घरचा एक दिवा मागितला होता. दामजीने त्यात आपल्याकडचं घातलं, शेजाऱ्याने त्याच्याकडचं, त्याच्या शेजाऱ्याने त्याच्याकडचं, आणि पाड्यावर जे होतं ते सगळं माझ्या त्या बारीकशा विनंतीने ओढून घेतलं. मी खडू खाली ठेवला आणि मुलांना म्हटलं, उरलेलं उद्या.

मंगलला हे सांगायला मला ऑगस्ट उजाडला. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, तुझी काही चूक नाही, तू थोडंच सांगितलं होतं. ती तसं काही म्हणाली नाही.

‘तुले वाईट वाटी ऱ्हायनं, ते ठीक शे,’ ती म्हणाली. ‘पन त्याना तिले काय उपेग? एक इषय ऱ्हायना तरी अकरावीले नाव लागस. हाई तू तिले सांगं का?’

नव्हतं सांगितलं. एक विषय राहिला तरी अकरावीला प्रवेश मिळतो, हे मला माहीत होतं. आमच्या कॉलेजात दरवर्षी अशी मुलं येतात. पाड्यावर ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी अंगणात मी माझ्या अपराधात इतका गुंग झालो होतो की तिच्या उपयोगाची एक गोष्ट मला माहीत आहे, हेच मला सुचलं नाही. आता प्रवेश संपले होते. जुलैतली फेरपरीक्षा तर पेरणी-निंदणीत निघून गेली होती. दिवाळी झाली आणि पाड्यावरची टोळी शहाद्याकडे ऊसतोडीला निघाली, तेव्हा सविताही आईबापांबरोबर गेली. शाळेतल्या मास्तरांनी तिचा फॉर्म भरून ठेवला होता, एवढंच काय ते बरं झालं. थंडीत पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्याने जाताना उसाच्या बैलगाड्या समोरून आल्या की मी हेल्मेटची काच खाली ओढायचो. ती त्यात असेल असं नव्हतं. असली तर काय, हे मला सोसवणार नव्हतं.

ती होळीच्या आधी परतली, सगळेच परततात. यंदा भूमितीचा पेपर जवळ आला तेव्हा मंगलने मला नवी कंपासपेटी दिली. ‘तठे जाइसन रडत बसू नको,’ ती म्हणाली. ‘तिले वर्तुळ शिकाड.’ पेपरच्या आदल्या दुपारी मी मोटरसायकल काढली.

घाटात उशीर झाला. वर चढलो तेव्हा दिवस मावळला होता. शेवटच्या वळणावरून पाडा दिसतो. यंदा सगळीकडे दिवे होते, उतारावर पसरलेले पिवळे-पांढरे ठिपके, आणि टोकाला दामजीचंही घर. मला इतकं हायसं वाटलं की मी क्षणभर तिथेच थांबलो. मग गिअर टाकला. माझ्या जुन्या गाडीचा आवाज पाड्यावर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मी चढावर आलो आणि खालच्या बाजूचा एक दिवा गेला. मग त्याच्या शेजारचा. मग वरचे दोन. मला आधी वाटलं, बॅटऱ्या उतरल्या असतील. गाडी पुढे जात होती आणि तिच्यापुढे एकेक घर विझत होतं. शेवटी दामजीचंही विझलं.

मी गाडी तिथेच आडवी टाकली आणि ओरडलो, ‘दिवे लावा! दामजी, मशीन नाही आणलं! लावा दिवे!’ ओरडताना माझा आवाज चिरकला. एखाद्याला वाटलं असतं, आग लागली आहे.

दामजी अनवाणी बाहेर आला. यंदा त्याने पोरीसाठी होळीचा नवस धरला होता, पालनी, म्हणजे त्या नवसाचं व्रत, पाळत होता, घरच्यांपासून वेगळा राहून हाताने शिजवून खात होता. ‘मशीन नाही?’ तो म्हणाला. त्याला थोडं वाईट वाटलेलं दिसलं. मग त्याने हाक दिली आणि दिवे पुन्हा लागले, सावकाश, खात्री करून घेत.

सविता आत बल्बखाली वही घेऊन बसली होती. तिच्या तळहातांना उसाचे घट्टे पडले होते आणि नव्या कंपासची मूठ तिला नीट धरता येत नव्हती. आम्ही वर्तुळं काढली, बाहेरच्या बिंदूपासून स्पर्शिका काढल्या. ती भराभर शिकत होती. दोनतीनदा दाखवल्यावर तिने मला थांबवलं आणि स्वतः काढून दाखवलं. मी इतका खूश झालो की बाकीचं विसरलो. तिने पेन्सिलला टोक केलं आणि खाली बघतच विचारलं, ‘सर, तुम्ही नसायचे तेव्हा मशीन सारखं ऐकत असायचं ना?’

खोटं बोलणं सोपं होतं. समोर दुसऱ्या दिवशीचा पेपर होता, तिचं मन थाऱ्यावर राहावं असं एक निमित्तही होतं. पण माझ्याच्याने झालं नाही.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तासाच्या सुरुवातीला थोडा वेळ. मग नुसताच तो लाल दिवा चमकायचा.’

‘तेवढा वेळ सोडून आम्ही लाईट लावला असता तर?’

‘काही बिघडलं नसतं, सविता. मी सांगायला हवं होतं. मला...’

तिने हात वर केला. मला वाटलं, ती रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल, आणि मी त्याला तयार होतो. खरं म्हणजे त्यासाठीच आलो होतो. तिने दाराकडे बघितलं. बाहेर दामजी तीन दगडांच्या चुलीवर आपल्यापुरतं काहीतरी शिजवत होता.

‘बाबाला सांगू नका,’ ती हळूच म्हणाली. ‘आई माझ्यासाठी लावू म्हणत होती, तर तिच्यावर ओरडला. घरोघर त्यानेच जाऊन बंद करायला लावले. कधीच सांगू नका, सर.’

मी मान हलवली. तेवढ्यात बाहेरून दामजीने विचारलं, ‘सर, यंदा का नाही आणलं? मागल्या साली अंधार चांगला ठेवला होता ना आम्ही?’

सविता माझ्याकडे बघत होती.

‘चांगला ठेवला होता,’ मी म्हणालो. ‘असा अंधार मला कुठेच मिळाला नाही.’

दामजी हसला. उठून उभा राहिला आणि हे त्याने त्यांच्या बोलीत, मोठ्याने, शेजारच्या घराला सांगितलं. शेजाऱ्याने पुढच्याला सांगितलं. उतारावरून एकेका घरातून हसण्याचे आणि होकाराचे आवाज येत राहिले, आणि मी सविताच्या वहीतल्या वर्तुळाकडे बघत बसलो.